संत्रं, दालचिनी आणि ट्रेभर कंदमुळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटली की मंडईत लाल गाजरांचे ढीग लागतात, रताळी मातीसकट येतात आणि कोपऱ्यावर संत्र्याची गाडी उभी राहते. त्या दिवसांत आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी कंदमुळांचा ट्रे ओव्हनमध्ये जातो. कंदमुळं म्हटलं की लोकांना वनवासातला राम आठवतो, पण लोणी-दालचिनीच्या वासात भाजलेलं रताळं खाल्लं की वनवास वगैरे काही आठवत नाही. खाऊन गेलेली मंडळी घरी करून बघतात आणि मग फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी थोडक्यात कृती सांगा. बाकीचं नंतर वाचू.

२८–३० लिटरच्या ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) एका ट्रेमध्ये साधारण ६०० ते ६५० ग्रॅम भाजी नीट बसते. २०० ग्रॅम रताळी, २०० ग्रॅम गाजरं, दोन मध्यम बटाटे आणि एक लहान बीट घ्या. दीड इंचाच्या ओबडधोबड फोडी करा, बीटाच्या निम्म्या आकाराच्या. पंचावर पसरून कोरड्या करा. अडीच-तीन मोठे चमचे तेल आणि एक लहान चमचा मीठ चोळा. १ चमचा जिरे, दीड चमचा धणे, ८–१० मिरी, दोन लवंगा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी मंद आचेवर जरा शेकवून खलबत्त्यात भरड कुटा. ओव्हन २०० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा. भाजी ४० ते ४५ मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. शेवटची दहा मिनिटं उरली की कुटलेला मसाला आणि संत्र्याच्या सालीच्या तीन-चार पट्ट्या घाला. ट्रे बाहेर काढल्यावर अर्ध्या संत्र्याचा रस, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर जायफळ. झालं.

रस शेवटी का? मी तर लिंबू-संत्र्याचा रस, मीठ, मसाला सगळं चोळून अर्धा तास मुरवत ठेवते.

चिकन मुरवतो तसं भाजीला मुरवायचं, हा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता. पहिल्यांदा पाहुणे जेवायला होते त्या दिवशी मी दोन लिंबं पिळून, झाकून, तासभर ठेवून ट्रे आत सरकवला. पन्नास मिनिटांनी बटाट्यात सुरी खुपसली तर आत अजून करकर वाजतंय. पुन्हा वीस मिनिटं ठेवलं. बटाटे तसेच फिके आणि ताठ, जिरे मात्र काळे ठिक्कर. शेवटी पिठलं टाकलं.

यामागे दोन कारणं आहेत. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. उष्णतेने तो विरघळतो म्हणून भाजी शिजते, मऊ होते. आंबट वातावरणात तो सहजी विरघळत नाही. तुम्हाला हे माहीतच आहे: आमटीत डाळ शिजायच्या आधी चिंच घातली तर डाळ दाठरते, म्हणून आपण कोळ नंतर घालतो. इथेही तोच नियम.

दुसरं कारण रंगाचं. फोडींवर जो तपकिरी खरपूसपणा येतो तो भाजीतली साखर आणि अमिनो आम्लं यांच्या अभिक्रियेतून येतो. ही अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते आणि आम्ल असेल तर मंदावते. शिवाय रस म्हणजे शेवटी पाणीच. ते उडून जाईपर्यंत फोडीचा पृष्ठभाग १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो. म्हणजे रस आधी घातला की भाजी शिजतही नाही आणि भाजलीही जात नाही.

उलटं टोक बघायचं असेल तर बटाटे पाच-सात मिनिटं उकडताना पाण्यात पाव चमचा खायचा सोडा टाका. कडा लगेच भुसभुशीत होतात, आणि ओव्हनमध्ये त्या कडांची अशी पापडी होते की ताटात येईपर्यंत अर्धी संपते.

मग सालीचं काय? तीही शेवटी?

साल दोन रूपांत वापरते. सुरीने काढलेल्या रुंद पट्ट्या शेवटच्या दहा मिनिटांत तेलातच टाकायच्या. सालीतला सुगंध हा तेलकट अर्क असतो (संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दुमडली की ठिणग्या उडतात, तोच), त्यामुळे तो गरम तेलात छान उतरतो. बारीक कीस मात्र ओव्हनबाहेर आल्यावर. कीस ४० मिनिटं आत ठेवला तर तो जळून काळी पूड होते आणि कडवटपणा सगळ्या ट्रेभर पसरतो.

पट्टी काढताना आतला पांढरा थर जितका कमी येईल तितकं बरं. कडूपणा तिथेच असतो.

नागपुरी संत्र्याची साल किसणीवर चालतच नाही. हातातच सुटते.

बरोबर आहे, कारण ती साल आतल्या फळाला चिकटलेलीच नसते. सोलायला सोपं म्हणून ज्या गुणाचं कौतुक, तोच इथे आड येतो. उपाय असा की संत्रं तासभर फ्रिजमध्ये गार करा म्हणजे जरा घट्ट होतं, मग जायफळाच्या बारीक किसणीवर अगदी हलक्या हाताने, फळ फिरवत किसा. तेही जमलं नाही तर साल सोलून, उलटी पालथी घालून चमच्याने पांढरा भाग खरवडा आणि सुरीने बारीक चिरा.

मजा म्हणजे नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी गाडीवर त्याच नावाने पंजाबकडचा किन्नू सर्रास खपवला जातो. घट्ट, चकचकीत, एकसारखी गडद साल आणि आत बियाच बिया दिसल्या तर तो किन्नू. खायला मी नागपुरीच घेईन, पण किसायला किन्नू सरस. मोसंबीही चांगली किसली जाते. चकाकणाऱ्या फळांवर मेण असू शकतं, म्हणून कोमट पाण्यात घासून घ्यायचं.

रस काढून ठेवला होता, आटवला तर कडू झाला. संत्री खराब होती का?

नाही, उशीर झाला. संत्र्या-मोसंबीत एक पदार्थ असतो जो फळ अखंड असताना कडू लागत नाही. रस काढताना पेशी फुटतात, तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. ते कडू. उष्णता दिली की हे आणखी लवकर होतं. रसवंतीवाला मोसंबीचा रस समोर काढून लगेच हातात देतो त्यामागेही हेच आहे.

म्हणून रस ऐनवेळी काढा. बिया आणि चोथा रगडू नका. पाक हवा असेल तर पसरट कढईत अर्धी वाटी रस, एक चमचा गूळ आणि दालचिनीचा तुकडा चार-पाच मिनिटंच, मोठ्या आचेवर. थोडा कडवट झालाच तर चिमूटभर मीठ घाला. मीठ कडूपणा दाबतं, साखर नुसती वरून गोड करते.

कोणती कंदमुळं चालतात? सगळी एकत्र टाकली तर एक गाळ होतो, एक कच्चं राहतं.

सगळी चालतात, पण सगळ्यांचा स्वभाव एक नाही.

रताळं माझं सगळ्यात लाडकं. त्यात एक विकर (एन्झाइम) असतं जे स्टार्चची साखर करतं, आणि ते साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान जोमाने काम करतं. रताळं जितका वेळ त्या टप्प्यात राहील तितकं गोड होणार. आजोळी चुलीच्या राखेत रात्री पुरून ठेवलेलं रताळं सकाळी मधासारखं का लागायचं, ते मला फार उशिरा कळलं. वेळ असेल तर रताळी १५०–१६० अंशांवर आधी वीस मिनिटं एकटीच ठेवा, मग तापमान वाढवून बाकी मंडळी आत घ्या. लाल सालीची, आतून पांढरी रताळी खुटखुटीत राहतात. केशरी गराची जास्त ओलसर होतात, त्यांच्या फोडी मोठ्या ठेवा.

गाजरात थंडीतलं लाल गाजर गोड पण पाणीदार, त्यामुळे जाड चिरायचं, उभं. वर्षभर मिळणारं केशरी गाजर चिवट असतं पण भाजायला शहाणं, आकार सोडत नाही.

बीट सगळ्यात हट्टी. एकतर बाकीच्यांच्या निम्म्या आकाराचं चिरा किंवा पंधरा मिनिटं आधी आत टाका. बीटाचा मातकट वास ज्यांना आवडत नाही त्यांच्यासाठी तर संत्रं हा उताराच आहे.

अळकुड्या आधी सालीसकट उकडा, सोला, तळहाताने जरा चपट्या करा आणि मग भाजा. कच्च्या चिरून टाकल्या तर बुळबुळीतपणा जात नाही. कोनफळ मिळालं तर सोडू नका. त्याच्या जांभळ्या फोडी पांढऱ्या ताटात वाढल्यावर लोक आधी फोटो काढतात. वसईकडच्या आणि गुजराती घरांना त्याची ओळख सांगायला नको. कोकणातल्या बाजारात कणगर दिसली तर तीही आणा, फक्त आधी अर्धवट उकडून घ्या.

मुळा भाजला की त्याचा उग्रपणा उतरतो. पण घरात वास राहतो. तुमचं तुम्ही ठरवा.

सुरण टाकला आणि सगळ्यांचे घसे खवखवले.

सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. नुसत्या भाजण्याने भागत नाही. जाड साल काढून, फोडी करून, चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळा, पाणी फेकून द्या, कोरड्या करा, मग ट्रेमध्ये. चिरताना हाताला तेल लावा आणि हात कोरडे ठेवा. आंबट शेवटी हा नियम इथे मोडतो, पण त्याचा फायदाही होतो: आंबट पाण्यामुळे सुरणाच्या फोडी ताठ राहतात, ओव्हनमध्ये फुटत नाहीत.

भाजी खरपूस होत नाही, उकडल्यासारखी लिबलिबीत होते.

गर्दी. दहातल्या नऊ घरी हेच कारण असतं. फोडी एकीवर एक रचल्या की त्यांचीच वाफ त्यांनाच उकडते. दोन फोडींमध्ये निदान अर्ध्या बोटाची जागा हवी. जास्त माणसं असतील तर दोन घाणे करा.

उरलेली कारणं: भाजी ओली होती, ओव्हन आधी तापवला नव्हता, किंवा ट्रे फार वर-खाली होता. ओटीजीत दोन्ही कांड्या चालू ठेवून ट्रे मधल्या कप्प्यात, पंखा असेल तर १८०–१९० अंश पुरे. रिकामा ट्रे आतच तापवून त्यावर फोडी ओतल्या की चर्र आवाज येतो. तो आवाज आला की समजा, निम्मं काम झालं.

मसाला जळतो. आधी घातला तर जळतो, नंतर घातला तर कच्चा लागतो.

म्हणूनच आधी शेकवून, भरड कुटून, शेवटच्या दहा मिनिटांत. भरड मसाला पुडीपेक्षा उशिरा जळतो. अख्खे जिरे, दालचिनीचा तुकडा, तमालपत्र हे सुरुवातीपासून टाकलं तरी चालतं. लाल तिखट आणि हिंग मात्र कधीच ट्रेवर नाही. ते हवे असतील तर दोन चमचे तुपाची फोडणी करून वाढताना वरून ओता.

लवंगेच्या बाबतीत हात आखडता ठेवा. दोनच्या चार झाल्या की दातांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतं.

तयार गरम मसाला किंवा गोडा मसाला?

गरम मसाला चालेल, अर्धा चमचा, शेवटी. गोड्या मसाल्यात तीळ-खोबरं असतं, ते ओव्हनमध्ये खवट-जळकं होतं. पण भाजी बाहेर काढल्यावर गोडा मसाला, लिंबू आणि गुळाचा बारीक चुरा टाकून बघा. आमच्याकडे आता संत्र्यापेक्षा हीच मागणी जास्त असते.

ओव्हन नाही. कढईत जमेल?

जमेल. बिडाची कढई किंवा जाड तवा, दोन चमचे जास्त तेल, फोडी लहान. आधी झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, मग झाकण काढून आच वाढवा आणि सारखं ढवळू नका. एक बाजू लालसर होईपर्यंत हात मागे. रस मात्र भाजी दुसऱ्या भांड्यात काढून मग पिळा. बिडावर आंबट पडलं की भांड्याचा तेलाचा थर निघतो आणि भाजीला लोखंडी चव येते. एअर फ्रायर असेल तर १८० अंश, १८ ते २२ मिनिटं, दोनदा हलवून.

आणि अंगण असेल तर तुमच्याइतकं भाग्यवान कोणी नाही. रायगडकडे थंडीत पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, त्यांच्या जोडीला बटाटे, रताळी, कणगर, आणि भोवती जाळ. त्यातलं रताळं फोडून त्यावर लिंबू पिळलं की ओव्हनचं सगळं शास्त्र फिकं वाटतं.

अॅल्युमिनियम फॉइल लावली तर चालेल ना? ट्रे घासायचा कंटाळा येतो.

लिंबू-संत्र्याचं आम्ल आणि मीठ, दोन्ही फॉइलशी भांडतात. बटर पेपर म्हणून मिळणारा बेकिंगचा कागद लावा. तळ किंचित कमी खरपूस होतो, पण घासणं वाचतं.

उपवासाला चालेल?

रताळं, बटाटा, सुरण, कणगर, जिरे, मिरी, लिंबू, तूप, सैंधव: बहुतेक मराठी घरांत हे चालतं. गाजर, बीट, धणे, हिंग बहुतेकांकडे चालत नाहीत. लवंग-दालचिनीवर घराघरांत मतभेद आहेत. माझ्या सासूबाईंना लवंग चालते, दालचिनी चालत नाही. का, ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. महाशिवरात्रीला रताळ्यांचा मान असतो आणि त्याच सुमारास मृग बहराची संत्री बाजारात असतात, म्हणून त्या दिवशी आमच्याकडे तुपात भाजलेली रताळी, मिरपूड आणि संत्र्याचा कीस एवढंच असतं.

मधुमेह असलेल्यांनी खावं का?

भाजलेलं रताळं उकडलेल्या रताळ्यापेक्षा रक्तातली साखर लवकर वाढवतं, कारण भाजताना स्टार्चची साखर होत जाते. म्हणून रताळं-बटाटा कमी, गाजर-मुळा जास्त, आणि गूळ नको. बरोबर डाळ किंवा पनीर असावं. किती खायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मला नाही.

बीटामुळे सगळंच लाल होतं.

बीटाला वेगळं तेल चोळा, ट्रेच्या एका टोकाला ठेवा आणि वाढतानाच मिसळा. दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका, काहींना बीटाने तसं होतं.

हे परदेशी खाणं आहे ना? आपल्याकडे कुठे असं करतात?

मोरोक्कोत गाजर, जिरे, दालचिनी आणि संत्र्याचा रस ही जोडी जुनी आहे, आणि मला ही वाट तिकडूनच सापडली. पण आपलं-परकं करायला बसलात तर ताट रिकामं होईल. रताळं आणि बटाटा दोन्ही अमेरिका खंडातले. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांबरोबर आला, आणि तोही मुळात रताळ्याचं नाव होता. जिरे, धणे, लिंबू तर आपल्या फोडणीत आणि कोशिंबिरीत रोजचेच.

जेवणात नेमकं कुठे बसवायचं? घरचे म्हणतात, "हे नुसतंच खायचं?"

वरण-भात-तूप आणि हा ट्रे, पापडही नको. भाकरीबरोबर हवं असेल तर घट्ट दही फेटून, मीठ-लसूण घालून ताटात पसरवा आणि त्यावर गरम फोडी. भाजलेल्या शेंगदाण्याचा भरड कूट वरून. मुलांसाठी मी वेगळं काही करत नाही, ट्रे टेबलावर ठेवते आणि "हात धुतले का?" एवढंच विचारते.

बटाटे-रताळी फ्रिजमध्ये ठेवतो. हरकत नाही ना?

आहे. थंडीत बटाट्याच्या स्टार्चची साखर होते, मग तो भाजताना आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतो. रताळ्याचा तर गाभा कडक राहतो, कितीही भाजलं तरी. दोन्ही टोपलीत, हवेशीर अंधारात.

उरलं तर?

दुसऱ्या दिवशी मऊ पडलेलं असतं, पुन्हा कुरकुरीत करायचा हट्ट नको. कुस्करून थालीपिठाच्या भाजणीत घाला, किंवा दह्यात टाकून वरून हिरव्या मिरचीची फोडणी द्या. दोन दिवसांच्या वर ठेवू नका, आंबट रस असला तरी. उरलेल्या सालींच्या पट्ट्या वाळवून चहात टाकते. घरातल्या निम्म्या लोकांना तो चहा आवडत नाही, त्यामुळे तो मला पुरतो.